बांधकामाच्या साइटवर अपघात झाला तर: कामगारांचे हक्क, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परांचीवरून पडलेला गवंडी दवाखान्यात शुद्धीवर येईपर्यंत साइटवर बरंच काही आवरलेलं असतं. तुटलेली फळी जळणात गेलेली असते, हजेरीची वही 'ऑफिसला नेली' असते आणि शेजारी काम करणारे दोघं दुसऱ्या साइटवर धाडलेले असतात. मी कामगारांचे भरपाईचे दावे चालवतो. कायदा कमी पडला म्हणून हरलेले दावे मी फार पाहिले नाहीत. हरतात ते पहिल्या दोन दिवसांत कागद झाला नाही म्हणून. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

अपघात झाल्याझाल्या काय करायचं?

आधी उपचार. 'पोलीस केस आहे, आम्ही घेणार नाही' असं कुठलाही दवाखाना म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. हे सरकारी डॉक्टरलाही लागू आहे आणि खासगी डॉक्टरलाही.

दवाखान्यात केस पेपरवर 'हिस्टरी' लिहितात, म्हणजे इजा कशी झाली ते. ही एक ओळ पुढे लाखांची ठरते. बहुतेक वेळा जखमीला आणणारा मुकादमच असतो आणि तोच बोलतो. माझ्याकडे आलेल्या एका सेंट्रिंगवाल्याच्या पेपरवर 'घरी जिन्यावरून पडला' असं लिहिलेलं होतं. पडला होता तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून, आणि त्याच्या घराला जिनाच नव्हता. पण हे सिद्ध करण्यात दीड वर्ष गेलं. म्हणून शुद्धीत असाल तर स्वतः सांगा, नसाल तर घरच्यांनी सांगावं: 'अमुक साइटवर, काम करताना, इतक्या वाजता, अमुक ठिकाणाहून पडलो.' चुकीचं लिहिलं गेलं असेल तर लगेच लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.

दुसरं काम मोबाइलने होतं. जागेचे फोटो काढा: परांची, उघडा लिफ्टचा डक्ट, तुटलेली वायर. साइटच्या दर्शनी बोर्डाचा फोटो तर हवाच. बिल्डर, ठेकेदार, आर्किटेक्ट यांची नावं आणि महारेराचा नोंदणी क्रमांक त्यावर असतो. समोर काम करणाऱ्या दोन-तीन जणांची पूर्ण नावं, फोन नंबर आणि गावचे पत्ते लिहून ठेवा. गावचे पत्ते यासाठी, की महिनाभराने त्यातले निम्मे साइटवर नसतात.

कोणत्या कायद्याने भरपाई मिळते?

जवळजवळ शंभर वर्षं हा हक्क १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने मिळत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. साइटवरची सुरक्षितता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आली. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर दावा जुन्या कायद्याखाली, नंतरचा असेल तर संहितेखाली. सांगाडा मात्र तोच राहिला आहे: काम करताना, कामामुळे इजा झाली की मालक भरपाईला बांधील. त्यामुळे जुन्या कायद्यावरचे न्यायालयाचे निकाल आजही उपयोगी पडतात.

चूक माझीच होती. बेल्ट लावला नव्हता. तरी मिळेल?

हो. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरजच नाही. हा प्रश्न विचारताना माणसं मान खाली घालतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हा कायदा 'चुकलं कोण' यावर उभा नाही. 'इजा कामातून झाली का' एवढंच तो विचारतो. घाईत पाय सरकला, लक्ष गेलं, फळी नीट न बघता पाय टाकला, यातलं काहीही भरपाई अडवत नाही.

मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी: त्या वेळी तुम्ही दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली होता, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडलात, किंवा दिलेलं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलंत, आणि इजा त्यामुळे झाली. 'दिलेलं' या शब्दावर बोट ठेवा. स्टोअरमध्ये कुलपात ठेवलेले बेल्ट हे दिलेले बेल्ट नव्हेत. शिवाय मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ही कारणंसुद्धा मालकाला वाचवत नाहीत.

बिल्डर म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो मुकादमाला. पैसे मागायचे कोणाकडे?

मूळ मालकाकडेही मागता येतात. बिल्डरने आपल्याच धंद्यातलं काम ठेक्याने दिलं असेल, तर ठेकेदाराच्या माणसाच्या भरपाईला तोही जबाबदार असतो. पैसे भरल्यावर ते ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्या दोघांमधला मामला. मी दाव्यात बिल्डर, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार सगळ्यांना सामनेवाले करतो. एखादं नाव गाळायचं कारण नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. कोणी स्वतःला राहायला घर बांधत असेल आणि काम ठेकेदाराला दिलं असेल, तर घर बांधणं हा त्या घरमालकाचा धंदा नव्हे. तिथे जबाबदारी सहसा ठेकेदारावरच येते.

माझं नाव रजिस्टरला नाही, पगार रोख मिळायचा. मी तिथे कामाला होतो हे कसं दाखवू?

रजिस्टर ठेवणं मालकाचं काम होतं. ते त्याने ठेवलं नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही, पुरावा तेवढा दुसरीकडून जमवावा लागतो. मुकादमाने उचल दिली ती गूगल पे किंवा फोनपेवर आली असेल तर ते व्यवहार. 'उद्या सकाळी स्लॅब आहे, आठला या' असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप. गेटवरच्या वॉचमनची वही. तुमची स्वतःची हजेरीची डायरी, भले ती पेन्सिलने लिहिलेली असो. खाडे मांडलेली जुनी डायरी न्यायाधीशांना नव्या कोऱ्या कागदापेक्षा खरी वाटते. साइटवर काढलेले सेल्फीसुद्धा चालतात, फक्त फोन बदलताना ते पुसू नका. आणि सोबतच्या कामगारांची साक्ष तर आहेच.

पगाराचा आकडा सिद्ध झालाच नाही, तर त्या कामाचं सरकारने ठरवलेलं किमान वेतन धरण्याची मागणी करा.

किती पैसे मिळतात?

हिशेब तीन गोष्टींवर चालतो: महिन्याचा पगार, अपघाताच्या दिवशीचं वय आणि इजेचं प्रमाण. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला आहे. विशीच्या वयाला २२४, तिशीला २०७.९८, चाळिशीला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९. वय वाढतं तसा गुणक उतरतो.

मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्क्यांना गुणकाने गुणायचं. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्क्यांना. पगार कितीही असला तरी हिशेबाला सरकारने अधिसूचित केलेल्या कमाल रकमेपर्यंतच धरतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती मर्यादा ८,००० वरून १५,००० रुपये झाली. अपघाताच्या तारखेला जी मर्यादा असेल ती धरायची.

तीस वर्षांचा गवंडी, महिन्याला १८,००० कमावणारा. हिशेबाला १५,०००. तो गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये. त्याचाच अंगठा मशीनमध्ये गेला तर? संपूर्ण अपंगत्वाची रक्कम ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. अंगठ्याला तक्त्यात ३० टक्के आहेत, म्हणून ५,६१,५४६ रुपये. हेच पन्नाशीच्या माणसाचं झालं तर ४,१३,३४३.

असे टक्के कायद्याच्या परिशिष्टात अवयवागणिक दिलेले आहेत. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. वाचायला निष्ठुर तक्ता आहे, पण ठेकेदार '२० हजारांत मिटवू' म्हणत असताना हाच तक्ता हातात असलेला बरा.

वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला शोधा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं आहे, आणि आधारवर अंदाजे टाकलेली १ जानेवारी ही तारीख अनेकांची असते.

डॉक्टरने ४० टक्के अपंगत्व लिहिलं. पण मी आता काम करूच शकत नाही.

मग ४० वर थांबू नका. कायदा शरीर किती गेलं हे पाहतो, तसंच कमावण्याची ताकद किती गेली हेही पाहतो. यातला पायाभूत निकाल एका सुताराचा आहे. काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की हे अंशतः अपंगत्व आहे. प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे हा माणूस सुतार म्हणून संपूर्ण अपंग आहे, असं न्यायालय म्हणालं. मणक्याला मार बसलेला बिगारी चालू शकतो, बसू शकतो, पण डोक्यावर घमेलं उचलू शकत नाही. त्याचा युक्तिवाद याच वाटेने जातो. डॉक्टरच्या दाखल्यात नुसते टक्के नकोत. 'वजन उचलता येणार नाही, उंचीवर काम करता येणार नाही' असं शब्दांत लिहून मागा.

हाड मोडलं, तीन महिन्यांत बरा होईन. मला काय?

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण निम्मा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिले तीन दिवस धरत नाहीत. पण घरी बसणं २८ दिवस किंवा जास्त लांबलं तर तेही धरतात.

दवाखान्याचा खर्च भरपाईतून कापतात का?

नाही. कामावरच्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. मेडिकलच्या पावत्या, रिक्षाच्या, रक्ताच्या बाटलीच्या, सगळ्या एका पिशवीत ठेवा. मूळ पावत्या 'साहेबांना दाखवायला' म्हणून देऊ नका, झेरॉक्स द्या.

ठेकेदाराने ३० हजार दिले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. आता हक्क संपला?

संपला नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्याने रद्दबातल आहे, मग तो शंभरच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे थेट वारसांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही. रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. जखमी महिला कामगाराच्या एकरकमी भरपाईलाही १९२३ च्या कायद्याने हाच नियम लावला आहे.

तरीही सही करू नका. कागद रद्द ठरतो, पण तो रद्द ठरवून घ्यायला तारखा लागतात, आणि त्यात 'मी त्यांच्याकडे कामाला नव्हतो, माणुसकीखातर मदत मिळाली' असं वाक्य हमखास घुसडलेलं असतं. पैसे घ्यायचे असतील तर घ्या, 'उपचारासाठी' असं लिहून. कोऱ्या कागदावर अंगठा तर कधीच नाही.

माणूस गेला तर पैसे कोणाला मिळतात?

पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आपण त्याच्यावर अवलंबून होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वडील, भावंडं वगैरेंना करावं लागतं. कोणाला किती हे प्राधिकारी ठरवतात आणि मुलांचा वाटा बरेचदा बँकेत ठेव म्हणून ठेवायला लावतात. दीर-सासऱ्यांनी 'आम्ही बघतो' म्हणून वकीलपत्रावर स्वतःच सही केली असेल, तर वहिनींनी एकदा फाइल स्वतः पाहावी. हे मी अनुभवाने सांगतोय.

अपघात शहरात झाला, आम्ही गावी परतलो. दावा कुठे करायचा?

गावी करता येतो. अपघात झाला तिथे, तुम्ही किंवा वारस राहता तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, यातलं ठिकाण तुम्ही निवडायचं. परराज्यातून आलेल्यांनाही हेच लागू. महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याचे दावे कामगार न्यायालयातले न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवत आले आहेत; संहितेत 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आहे.

मुदत दोन वर्षांची, अपघातापासून किंवा मृत्यूपासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण 'ठेकेदार देतो देतो म्हणत होता' हे कारण प्रत्येक वेळी चालत नाही. दाव्याच्या आधी मालकाला लेखी नोटीस पाठवा, रजिस्टर पोस्टाने.

उशीर झाला तर व्याज मिळतं?

मिळतं, आणि बरंच मिळतं. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी. निकाल लागेपर्यंत मालकाने वाट बघायची नसते. १९२३ च्या कायद्यात महिन्याभरात रक्कम दिली नाही तर सरळव्याज दरसाल १२ टक्के, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या १५,५९,८५० वर व्याजच वर्षाला १,८७,१८२ होतं. व्याज आणि दंड संहितेतही आहेत. विमा कंपनी भरपाई आणि व्याज भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे ठरवलं. म्हणून दंडाची मागणी अर्जात वेगळी लिहा. तडजोडीला बसताना मालक तेवढ्याच एका आकड्याला दचकतो.

माझ्या पगारातून ईएसआय कापतात.

मग रस्ता वेगळा. राज्य कामगार विम्यात विमाधारक असाल तर भरपाई तिथूनच मिळते, मालकाविरुद्ध हा दावा करता येत नाही. तोटा नाही: उपचार मोफत, घरी बसल्याच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना दरमहा पेन्शन. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही.

बांधकाम कामगार मंडळाचे पैसे घेतले तर भरपाई बुडते का?

नाही. दोन्ही वेगवेगळी. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ बांधकाम खर्चावरच्या उपकरातून चालतं. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि आधीच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढं लागतं. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख रुपयांची योजना आहे. नोंदणी जिवंत आहे ना, नूतनीकरण झालंय ना, हे आजच पाहा. अपघातानंतर ते करता येत नाही.

बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख. पासबुकात ही २० रुपयांची नोंद शोधायला घरच्यांना सुचत नाही, म्हणून इथे लिहिलं.

पोलिसांत तक्रार करावी का?

गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर करावीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, भरपाईचा दावा स्वतंत्र चालतो. पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल हे कागद तिथूनच मिळतात. साइटवरच्या सुरक्षिततेच्या संहितेखाली खटला चालून मालकाला दंड झाला, तर त्यातला निम्मा तरी जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

कामावर येता-जाता अपघात झाला तर?

ठेकेदाराच्या टेम्पोतून जाताना झाला तर पूर्वीही दावे मान्य होत. आता सामाजिक सुरक्षा संहितेत स्पष्टच लिहिलंय: घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचा अपघात मानायचा. वाहनाची धडक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येतं, पण दोन्हीकडे नाही. एक दार निवडा.

दगड-फरशी कापून छातीत धूळ बसली. हा अपघात आहे का?

अशा धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे आणि त्याची भरपाई इजेसारखीच मागता येते. एक्स-रे जपून ठेवा आणि कोणत्या वर्षी कुठे काम केलं त्याची यादी करायला घ्या.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. खासगी वकील 'मिळेल त्यातले इतके टक्के' म्हणाला तर उठा. अशी टक्केवारी ठरवायला वकिलांना मनाई आहे.

आदेश झाला, पण ठेकेदार पैसे भरत नाही.

ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तुम्ही अर्ज केला की वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे. तहसील कार्यालय स्वतःहून ठेकेदाराची मालमत्ता शोधत बसत नाही. त्याचा सातबारा, फ्लॅटचा पत्ता, मिक्सर आणि टेम्पोचे नंबर, सध्या ज्या साइटवर त्याचं काम चालू आहे तिचा बोर्ड, हे सगळं लिहून अर्जाला जोडा. मिक्सरचा नंबर सोबतच्या एखाद्या फिटरकडून एका फोनमध्ये मिळतो.